बिनआवाजाचा स्फोट

माजिवड्याच्या नाक्यावर उभे राहिले की तीन वाटा फुटतात. एक नाशिकला, एक घोडबंदरला, एक मुंबईला. मुंबईची वाट धरली तर तासाभरात ट्रॉम्बे येते, भाभा अणुसंशोधन केंद्राचे ट्रॉम्बे. अणुबॉम्ब हा विषय आम्हा ठाणेकरांना तसा फार लांबचा नाही.

११ मे १९९८. बुद्धपौर्णिमा होती. दुपारी पावणेचारच्या सुमारास पोखरणला तीन स्फोट झाले आणि संध्याकाळी आमच्या नाक्यावर फटाके वाजले, पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. २८ मे रोजी पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात स्फोट केले, तेव्हा रोजचा चहाचा सोबती हसत म्हणाला, ‘काय, तुम्हीपण केलेत की!’ मी ते हसण्यावारी नेले. नंतर बरेच दिवस मात्र तो ‘तुम्ही’ माझ्या चहात राहिला.

आज बोलायचे आहे ते ज्यांचा आवाज नाक्यापर्यंत येतच नाही, अशा स्फोटांविषयी.

गोष्ट सुरू होते ९ जुलै १९६२ ला. अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटावरून एक बॉम्ब सुमारे चारशे किलोमीटर उंच नेऊन अवकाशात फोडला. चौदाशे किलोमीटरहून दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांवरचे काही दिवे गेले. दुसऱ्याच दिवशी ‘टेलस्टार’ हा दळणवळणाचा उपग्रह सोडण्यात आला. या स्फोटाने आणि त्यानंतरच्या सोव्हिएत स्फोटांनी अवकाशात पसरलेल्या किरणोत्साराने त्याचे ट्रान्झिस्टर बिघडले आणि काही महिन्यांत तो मुका झाला.

तेव्हा सेनापतींना नवी काळजी लागली. शत्रूचा बॉम्ब फुटला तर आपले उपग्रह, आपली क्षेपणास्त्रे, त्यांतली नाजूक यंत्रणा टिकेल का? अवकाशात हवा नसते, त्यामुळे बॉम्बचे क्ष-किरण अडवायलाही कुणी नसते. १९६३ च्या कराराने आकाशातले स्फोट थांबले, मग नेवाडात जमिनीखाली सोय झाली. लांबलचक बोगदा, त्यात हवा काढून घेतलेली नळी, एका टोकाला बॉम्ब आणि दुसऱ्या टोकाला तपासायच्या वस्तू. क्ष-किरण प्रकाशाच्या वेगाने पोहोचायचे आणि मागून येणारा राडारोडा पोहोचण्याआधी पोलादी दारे मिटायची. माणसाची बुद्धी कुठे कुठे खर्च होते, पाहा!

२३ सप्टेंबर १९९२ हा अमेरिकेचा शेवटचा स्फोट. मग त्यांची भिस्त लेसरवर आली. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९७७ सालीच वीस किरणांचा एक लेसर उभा राहिला होता. अनेक हातांचा देव म्हणून त्याचे नाव ठेवले ‘शिव’. आमच्या ठाण्याच्या कौपिनेश्वराला हे कुणी विचारले होते का, कोण जाणे! २००९ मध्ये त्याच आवारात १९२ किरणांचे यंत्र सुरू झाले. हे सारे किरण सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरते, वाटाण्याएवढ्या जागेवर येऊन पडतात. तिथे धातूचा पातळ पत्रा किंवा वायूची नळी असेल तर ती लाखो अंश तापते आणि क्ष-किरण ओकते. शेजारी ठेवलेल्या वस्तूवर ते कोसळतात. बॉम्ब नसतो, पण बॉम्बच्या पहिल्या क्षणाचे ऊन असते. फ्रान्सनेही जानेवारी १९९६ मध्ये पॅसिफिकमधले स्फोट थांबवले आणि बोर्दोजवळ असाच प्रचंड लेसर बांधला.

यातला कळीचा मुद्दा आपल्या देशाने वेळेवर ओळखला होता. १९९६ मध्ये जिनिव्हात सर्वंकष अणुचाचणी बंदी करार ठरत होता, तेव्हा त्यावरच्या भारताच्या आक्षेपांत हा एक होता की, स्फोट तेवढे बंद होतील आणि प्रगत देश प्रयोगशाळेत शस्त्रे सुधारत राहतील. मला तो आजही बिनतोड वाटतो. आणि १३ मे १९९८ ला पोखरणला आणखी दोन छोटे स्फोट झाले, तेव्हा आपल्याच सरकारने सांगितले की, संगणकावर आराखडे अधिक चांगले पडताळता यावेत म्हणून ही माहिती हवी होती. ज्या दारावर आपण बोट ठेवले, त्याच दाराशी दोन वर्षांत आपण उभे होतो.

आपल्याकडे लेसरचे काम जुने आहे. ट्रॉम्बेत ते १९६० च्या दशकातच सुरू झाले आणि १९८४ पासून इंदूरला त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. प्रखर लेसरने तापलेला प्लाझ्मा, धातूंतून धावणाऱ्या आघातलहरी यांचा अभ्यास तिथे होतो. मूलभूत विज्ञान म्हणून तो मोलाचा आहेच. पण तेच ज्ञान शस्त्राचे गणितही सोडवते, ही त्या विज्ञानाची जात आहे.

पोखरणजवळच्या खेतोलाई गावात १९९८ मध्ये घरांना तडे गेले. गावकरी निदान भिंतीकडे बोट दाखवून तक्रार करू शकले. लेसरच्या इमारतीशेजारच्या घराला तडा जात नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये लिव्हरमोरच्या त्या यंत्राने २.०५ मेगाजूल ऊर्जा घालून ३.१५ मेगाजूल मिळवली. अणुसंमीलनातून स्वच्छ विजेचे स्वप्न जवळ आले, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. या यंत्राचा खर्च अमेरिकेचे अण्वस्त्रखाते करते, हे वाक्य बहुधा शेवटच्या परिच्छेदात असायचे. मी ती बातमी नाक्यावरच्या टपरीवर वाचून दाखवली. ‘म्हणजे बिल कमी येणार?’ एकाने विचारले. दुसऱ्याने चहा सांगितला.