चुना
चुनखडक किंवा शिंपले भाजून मिळणारा बांधकामाचा पांढरा पदार्थ. भट्टीत सु. ९००° से. तापमानाला चुनखडकातील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, उरते. १०० किग्रॅ. शुद्ध चुनखडकापासून सु. ५६ किग्रॅ. चुनकळी मिळते. तिच्यावर पाणी टाकल्यास ती फुगते, फुटते, वाफा निघण्याइतकी तापते व विरलेला चुना तयार होतो. दमट हवेतही ती हळूहळू विरते, म्हणून कोरड्या जागी झाकून ठेवतात. पूर्वी विरलेला चुना वाळूबरोबर घाण्यात मळीत. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर असे दगडी घाणे आढळतात. भिंतीत हा चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडकाप्रमाणे कॅल्शियम कार्बोनेट बनतो व घट्ट होतो.