बालगंधर्वांच्या दुर्बळ ध्वनिमुद्रिका : एका वादाचा इतिहास

कलावंताच्या श्रेष्ठ कृतींविषयी रसिकांचे एकमत होते, ते बहुधा फारसा विचार न करता. निकृष्ट कृती कोणती, हा प्रश्न निघाला की मात्र प्रत्येकाला आपली अभिरुची उघड करावी लागते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८-१९६७), यांच्या ध्वनिमुद्रिकांविषयी मराठी रसिकांत जो वाद पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे, तो या दुसऱ्या प्रकारचा आहे. त्यांची सर्वांत दुबळी तबकडी कोणती? हा प्रश्न वरवर पाहता टवाळखोरीचा वाटतो. पण त्याचे उत्तर देताना गाणे म्हणजे काय, ते ऐकणे म्हणजे काय आणि जुन्या कलेपैकी काय जपून ठेवायचे, या तिन्ही गोष्टींचा निवाडा करावा लागतो. म्हणून या वादाचा थोडा इतिहास येथे मांडण्याचे योजिले आहे.

वादातले पक्ष मुख्यतः तीन. पहिला पक्ष प्रत्यक्षदर्शींचा. बालगंधर्व रंगभूमीवर पाहिले त्यांनाच ते कळले. तबकडीत उरली ती केवळ पडछाया, तेव्हा सबळ-दुर्बळ हा भेदच व्यर्थ, असे या पक्षाचे म्हणणे. दुसरा पक्ष भाविकांचा. त्यांच्या लेखी गंधर्वांचा एकही स्वर उणा नाही. उणा वाटला तर ऐकणाऱ्याचा कान तपासावा. तिसरा पक्ष संग्राहकांचा. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली, आणि तेव्हापासून तबकडीचा क्रमांक, मुद्रणाचा काळ, यंत्राचा वेग यांचा हिशेब मांडून बोलणाऱ्या या पक्षाला बळ आले. पहिल्या दोघांचा कल वाद मिटवण्याकडे असतो. तिसऱ्यामुळे तो सुरू राहिला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

या वादात रायपूरसारख्या गावाचे स्थान काय, असे कोणी विचारील. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या स्वाऱ्यांबरोबर. १७४१ मध्ये भास्करपंतांनी रतनपूर घेतले, पुढे बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत तेथून राज्य केले. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी मुख्य ठाणे रायपुरास हलविले, आणि कारकुनी, वकिली, शिक्षकी यांच्या निमित्ताने मराठी घरे येथे वसली. तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांतून त्यांची भाषा टिकली. माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढले ते हिंदीत, हेही या समाजाचे वैशिष्ट्यच : घरी मराठी, बाहेर हिंदी. १९५६ च्या पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि मराठी रंगभूमीशी असलेला सांधा आणखी सैल झाला. येथील बहुसंख्य मराठी रसिकांना बालगंधर्व भेटले ते तबकडीतून आणि रेडिओतून. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ चे, रायपूरचे १९६३ चे. पुण्याचा रसिक 'पाहिले नाहीत तर काय कळणार' असे म्हणे तेव्हा येथल्या रसिकाजवळ उत्तर नसे. त्याच्यापुढे तबकडी हीच मूळ संहिता होती, नाटक ही तिच्याविषयीची आख्यायिका.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना काढला. त्यापूर्वी हिंदुस्थानी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. म्हणजे मुंबई-पुण्याकडे गायिलेले मराठी पद छापले जाई बंगालमध्ये. नागपूरमार्गे मुंबईहून हावड्यास जाणारा लोहमार्ग रायपुरावरून जातो. मराठी गाणे अशा रीतीने आमच्या स्टेशनावरून मुके जात असे आणि बोलके होऊन परत येत असे, अशी कल्पना केली तर ती अगदीच निराधार ठरू नये. असो.

आता मूळ मुद्द्याकडे. दुर्बळ म्हणून ज्या मुद्रिका पुढे केल्या जातात त्यांचे गट पाडले तर ध्यानात येते की, रसिक एकाच शब्दाने निरनिराळ्या गोष्टी म्हणत आहेत.

सर्वांत जुना गट यांत्रिक मुद्रणाच्या काळातला. त्या पद्धतीत गायक कर्ण्यासमोर उभा राही आणि आवाजाच्या जोरानेच सुई कोरीत जाई. मानवी आवाजाच्या पल्ल्यातील सुमारे २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यात नीट उतरे. याचा परिणाम कोणावर किती झाला हे गायकीवर अवलंबून होते. खड्या, फेकीच्या आवाजाचे त्यात फार बिघडत नसे. केशवराव भोसल्यांचा आवाज तसा होता. बालगंधर्वांचे मर्म मात्र शब्दाच्या उच्चारात, स्वराच्या कडेला असलेल्या मार्दवात, 'स'-'श' सारख्या ऊष्म वर्णांच्या हळुवार निसटण्यात. ते सारे त्या पट्ट्याच्या बाहेर पडले. तबला बोथट झाला, सारंगी अंधुक झाली. गंधर्व मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला ऐकलेल्या माणसाला ही तबकडी विद्रूप वाटली तर नवल नाही. पण हे दौर्बल्य गायकाचे नव्हे. १९२५ मध्ये पाश्चात्य देशांत विद्युत मुद्रण आले, थोड्याच वर्षांत ते येथे पोहोचले, आणि ५,००० हर्ट्झच्या पुढचा पल्ला खुला झाला. तेव्हा नियतीचा विनोद असा घडला की, यंत्र प्रौढ झाले तोवर गायक चाळिशीकडे आला होता. ज्या काळात 'मानापमान' (१९११), 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९) या नाटकांतील पदे नवी होती, त्या काळचा आवाज बहिऱ्या यंत्राने टिपला. चांगले यंत्र आले ते उतरणीला लागलेल्या आवाजासाठी.

यात वेगाचा घोळ मिसळला. तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरते असे आपण म्हणतो, पण हा आकडा पुढे रूढ झाला. सुरुवातीच्या दशकांत मुद्रणाचा वेग कधी ७४, कधी ८० असा बदलता असे. ७४ च्या वेगाने कोरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो आणि लय तेवढ्याच प्रमाणात धावते. आवाज बारीक, घाईचा, किंचित चिरका होतो. लाँग प्ले तबकड्या, कॅसेटी आणि नंतरची पुनर्मुद्रणे यांतून असे चढलेले गंधर्व आपण पुष्कळ ऐकले आहेत, आणि 'या तबकडीत ते घाई करतात' असा शेराही मारला आहे. साथीला ऑर्गन असल्यास त्याच्या पट्टीवरून मूळ वेगाचा अदमास बांधता येतो. तो अदमासच, पण निर्णय देण्यापूर्वी तेवढे तरी करावे. पोथीतील पाठभेद न पाहता कवीला छंदोभंगाचा दोष देणाऱ्या टीकाकाराला आपण काय म्हणतो?

दुसरा गट तीन मिनिटांच्या बंधनाचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. नाटकात तेच पद 'वन्स मोअर' घेत घेत फुलत जाई, प्रत्येक आवर्तनात नवी जागा निघे, आणि नाटक पहाटेपर्यंत लांबे. माझ्या मते गंधर्वांच्या खरोखर दुबळ्या मुद्रिका याच गटात आहेत, आणि त्या आवाज थकल्यामुळे दुबळ्या नाहीत. पंधरा मिनिटांच्या विस्तारातल्या मुरक्या, हरकती, आलाप तीन मिनिटांत जशाच्या तशा कोंबल्या गेल्या की अलंकार अंगभर होतात आणि अंग दिसेनासे होते. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवरा'ला दिलेल्या चाली ख्यालाच्या बंदिशींवर उभ्या होत्या; त्यांना श्वासासाठी जागा हवी. यमन आणि बिहाग हे राग घाईला फार लवकर शरण जातात. 'एकच प्याला'तील पदांची गोष्ट निराळी. सुंदराबाईंकडून आलेल्या त्या चाली गजल-दादऱ्याच्या वळणाच्या, अल्पाक्षरी. त्या तबकडीत सुखाने नांदतात. एकाच गायकाची दोन नाटके तबकडीत इतकी वेगळी का वागतात, हे दुबळ्या मुद्रिका ऐकल्यावाचून समजत नाही.

तिसरा गट 'धर्मात्मा' या १९३५ च्या प्रभात चित्रपटातला. गंधर्व नाटक मंडळी बंद पडण्याचा तो काळ. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी एकनाथांची पुरुषभूमिका केली. ती गाणी पुष्कळांना निष्प्राण वाटतात. मला ती निष्प्राण वाटत नाहीत, एकाकी वाटतात. ज्या गायकाची पुढची जागा समोरच्या माणसाच्या 'वाहवा'तून निघे, त्याच्यासमोर कॅमेरा होता. सहा चित्रपटांचा करार एकावरच थांबला, याचे कारण केवळ व्यवहारात शोधू नये.

चौथा गट उत्तरकाळातला. कडाक्याचा वाद येथे होतो. १९३० नंतरच्या दशकात गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आणि मंडळीत आल्या. त्यापूर्वीच गोहरबाईंनी गंधर्वांची पदे त्यांच्याच ढंगाने गाऊन तबकड्या दिल्या होत्या. या संबंधाबद्दल महाराष्ट्रात जो क्षोभ झाला त्याने ऐकणाऱ्यांचे कान इतके गढूळ केले की, उत्तरकाळातील गाण्याचा ऱ्हास हा नीतीचा ऱ्हास म्हणून मोजला गेला. हा अन्याय गोहरबाईंवर अधिक झाला. मूळ आणि अनुकृती शेजारी ठेवून ऐकावी. अनुकृतीत काय सापडत नाही यावरून मुळाचे गुण मोजता येतात, आणि काही जागा अनुकृतीतच अधिक स्वच्छ आहेत हेही कबूल करावे लागते. भाषांतरकाराच्या व्यवसायात मला हा अनुभव नित्याचा आहे : लेखकाची उत्तम पाने आपल्याला बरोबर ओढून नेतात, त्याची पद्धत कळते ती सैल पानांवर अडखळताना.

पुढे पायांनी साथ सोडली, गंधर्व बैठकीत बसून भजने गाऊ लागले. त्या काळाच्या उपलब्ध मुद्रणांत श्वास अपुरा आहे, वरचा षड्ज ओढून आणावा लागतो, आकार मधेच फाटतो. भाविक याला 'आर्तता' म्हणतात. आर्तता ही गायनातील मिळकत आहे, वयाचे अनुदान नव्हे. प्रत्येक थकलेला आवाज आर्त नसतो. तरीही या मुद्रणांत एक गोष्ट आश्चर्यकारक रीतीने शाबूत आहे, ती म्हणजे लय. दम संपतो तेथे ते वाक्य तोडतात, पण अर्थाच्या जागी तोडतात, आणि समेवर येतात ते अशा सहजतेने की तुटलेला भाग योजून सोडला होता असे वाटावे. 'कान्होपात्रा' (१९३१) पासून त्यांनी अभंगाचा जो अभ्यास केला त्याचे हे फळ दिसते. म्हणून निकृष्टांच्या यादीत ही भजने घालणाऱ्यांशी माझा मतभेद आहे, आणि ती सर्वश्रेष्ठ मानणाऱ्यांशीही.

अन्यत्र असे वाद झालेच आहेत. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडे यांची 'लेडी इन सॅटिन' ही १९५८ ची तबकडी त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीची. आवाज पार झिजलेला. वाद्यवृंदाचे संयोजक रे एलिस मुद्रणाच्या वेळी नाराज होते. काही आठवड्यांनी पूर्ण झालेले मुद्रण ऐकल्यावर आपण केवळ संगीत म्हणून ऐकत होतो, भाव म्हणून नव्हे, असे त्यांनी मान्य केले. तरी आजही काही रसिक ती तबकडी लावू देत नाहीत. उलट आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची अत्यंत लोकप्रिय मुद्रणे १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यातली, साठी उलटल्यानंतरची आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीची त्यांची तरुण, चपळ तबकडी अभ्यासकच ऐकतात. वय वाढले म्हणजे मुद्रिका दुबळी, हे समीकरण येथे मोडते. केशवराव भोसले १९२१ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेले, दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी. त्यांच्या उतरणीची तबकडीच नाही, म्हणून त्यांच्याविषयी हा वादही नाही. बालगंधर्व एकोणऐंशी वर्षे जगले, याचा दंड त्यांच्या कीर्तीने भरला.

प्रत्यक्षदर्शींचा पक्ष आता जवळजवळ संपला आहे. ज्याने ऐन भरातील गंधर्व पाहिले असा साक्षीदार आज मिळणे नाही. पुणे, मुंबई, नागपूर, सर्वच आता रायपूर झाले आहे : सर्वांजवळ तबकडीच आहे. अशा वेळी कोणती तबकडी शिल्लक राहते याला फार महत्त्व येते. आजवरच्या संकलनांचा रोख लोकप्रिय पदांवर राहिला. भाविकांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच. दुबळी ठरलेली मुद्रिका पुन्हा निघत नाही, लाखेची मूळ तबकडी फुटते किंवा भंगारात जाते, आणि काही वर्षांनी 'बालगंधर्व कधीच बेसूर झाले नाहीत' हे विधान पुराव्याअभावी खरे ठरते.

आमच्या भागात जुन्या घरांतील माळे रिकामे होत आहेत. त्या तबकड्या कोणी नेल्याच, तर नेणाऱ्याने प्रथम वेग ठरवावा, मग क्रमांक लिहावा, आणि चांगल्या-वाईटाची निवड न करता सगळ्या उतरून घ्याव्या. वाद नंतरही घालता येईल.