जड चकती आणि छोटी मोटर

छोट्या मोटरच्या शाफ्टवर जड चकती बसवली की मोटर हळू फिरणार, अशी बहुतेकांची समजूत असते. त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. मोटरचा स्थिर वेग व्होल्टेज आणि घर्षण या दोघांवर ठरतो; जडत्वाचा तिथे संबंध नाही. जडत्व आडवे येते ते वेग बदलताना. त्या वेगाला पोचायला किती वेळ लागेल आणि तोवर वाइंडिंग किती तापेल, हे मात्र जडत्वावर ठरते. समजूत टिकून राहण्याचे कारणही उघड आहे. मोठी चकती हवा जास्त कापते, बुशवर जास्त घासते, आणि वेग खरोखरच थोडा उतरतो. तो दोष घर्षणाचा असतो, नाव मात्र वजनाचे होते.

हिशेबासाठी एक मोटर धरू. १२ व्होल्टची, कायम चुंबकाची, बिनभाराने मिनिटाला ३,००० फेरे घेणारी, वाइंडिंगचा रोध २ ओहम. तिचा रोटर ८० ग्रॅमचा आणि १.२ सेंटिमीटर त्रिज्येचा. भरीव दंडगोल किंवा चकतीचे जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, आणि त्याचे निम्मे. रोटरचे ते सुमारे ५८ ग्रॅम-चौरस सेंटिमीटर येते. आता शाफ्टवर ५ मिलिमीटर जाडीची, ५ सेंटिमीटर त्रिज्येची पोलादी चकती बसवा. तिचे वजन जेमतेम ३०८ ग्रॅम, पण जडत्व सुमारे ३,८५०, म्हणजे रोटरच्या ६६ पट. जाडी तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केली तर वजन चौपट होते आणि जडत्व सोळापट. लेथवर चकती हलकी करायला निघालेल्याने हे आधी पाहावे. त्रिज्येच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागात चकतीचे ५६ टक्के वस्तुमान असते, पण जडत्व ८० टक्के. मध्याजवळ भोके पाडून वजन उतरते, मोटरला त्याचा फायदा फारसा होत नाही.

मोटर सुरू होते त्या क्षणी रोटर स्थिर असतो, बॅक ईएमएफ, म्हणजे फिरण्यामुळे मोटरमध्येच तयार होणारे उलटे व्होल्टेज, शून्य असतो आणि करंट फक्त रोधाने अडतो: १२ भागिले २, म्हणजे ६ अँपिअर. टॉर्क करंटच्या प्रमाणात, म्हणून जोरही याच क्षणी सर्वांत जास्त. वेग वाढेल तसा बॅक ईएमएफ वाढतो, करंट घटतो, जोर ओसरतो. त्यामुळे वेग सरळ रेषेत न चढता आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत चढतो. अंतिम वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागणाऱ्या काळाला कालांक म्हणतात. जडत्व गुणिले रोध, भागिले मोटरच्या स्थिरांकाचा (दर अँपिअरमागे मिळणाऱ्या टॉर्कचा) वर्ग, असे त्याचे सूत्र आहे. एकट्या रोटरसाठी हा कालांक ८ मिलिसेकंद, लहान चकतीसह सुमारे ०.५ सेकंद, दुप्पट त्रिज्येच्या मोठ्या चकतीसह साडेआठ सेकंदांच्या आसपास. वायरमध्ये अँमीटर घातला तर काटा उडी मारतो आणि खाली येऊ लागतो. लहान चकतीला तो दीड सेकंदात स्थिरावतो, मोठीला पाव मिनिटाहून बराच जास्त वेळ घेतो. घर्षण नगण्य असेल तर शेवटी थांबतो मात्र जवळजवळ त्याच जागी.

खरी गंमत उष्णतेत आहे. पूर्ण व्होल्टेज एकदम देऊन भार शून्यापासून फिरवला, तर तो जेवढी गतिज ऊर्जा घेतो तेवढीच ऊर्जा वाइंडिंगमध्ये उष्णता होऊन जाते. रोध कमी असो वा जास्त, हा आकडा बदलत नाही. रोध घटवला तर काम लवकर उरकते, पण जळायची ती ऊर्जा जळतेच. लहान चकतीला हा खर्च १९ ज्यूलचा. वाइंडिंगमध्ये ३० ग्रॅम तांबे असेल, तर ते दीड अंशाने तापेल. मोठ्या चकतीला ३०४ ज्यूल, म्हणजे उष्णता बाहेर पडली नाही तर २६ अंश. एखाद्या वेळेला चालते, दर मिनिटाला चालू-बंद होणाऱ्या यंत्राला चालत नाही. अशा यंत्रात मोटर जळते ती बहुधा चालण्याने नव्हे, वारंवार सुरू होण्याने.

हा खर्च कमी करता येतो, आणि तोही मोटर न बदलता. १२ व्होल्ट एकदम न देता आधी ६ दिले, वेग स्थिरावू दिला आणि मग १२ केले, तर उष्णता निम्मी होते. चार टप्पे केले तर पाव. इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर व्होल्टेज हळूहळू चढवतो तो यासाठीच.

दुसरा उपाय गिअरचा. मोटर आणि भार यांच्यात ५ पट घट असेल तर भाराचे जडत्व मोटरच्या शाफ्टला २५ पट लहान भासते. आपली ३,८५०ची चकती १५४ची होते आणि कालांक ३० मिलिसेकंदांच्या आत येतो. अर्थात चकतीचा वेगही पाचव्या हिश्श्यावर येतो. ठरावीक टॉर्कमध्ये भाराला सर्वांत जास्त त्वरण हवे असेल, तर गिअरचे गुणोत्तर दोन्ही जडत्वांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ असावे. ६६चे वर्गमूळ ८ च्या थोडे वर. त्यापुढे गेले की मोटर स्वतःचाच रोटर पळवण्यात दमते. गिअरबॉक्समधला पहिला, मोटरच्या शाफ्टवरचा पिनियन मात्र पूर्ण वजनाने मोजला जातो, कारण तो मोटरच्याच वेगाने फिरतो.

जडत्व नेहमी शत्रू असते असेही नाही. जुन्या कॅसेट प्लेअरचे मागचे झाकण उघडले की लहान मोटर, रबरी पट्टा आणि एक जड धातूचे फ्लायव्हील दिसते. फ्लायव्हीलच्या मधली बारीक दांडी टेपला सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने ओढते. दांडी २ मिलिमीटर व्यासाची असेल तर मिनिटाला सुमारे ४५५ फेरे होतात. मोटर बहुधा २,४०० फेऱ्यांची, म्हणजे पाचपटीहून जरा जास्त घट. मोटरच्या जागेवरून पाहता फ्लायव्हीलचे जडत्व २८ पट लहान, म्हणून सुरू व्हायला ते फार अडत नाही. मोटरमधल्या तीन गुंडाळ्यांमुळे टॉर्क एका फेऱ्यात सहा वेळा कमी-जास्त होतो, पट्टा कुठे जाड कुठे बारीक असतो. हे सगळे हेलकावे टेपपर्यंत पोचले तर गाण्याचा सूर थरथरेल; फ्लायव्हीलचे जडत्व ते वाटेतच मुरवते. फ्लायव्हील मोटरवर न बसवता टेप ओढणाऱ्या दांडीवर बसवले आहे, कारण पट्ट्याचा दोष मोटरच्या पुढे सुरू होतो.

उष्णतेच्या हिशेबात उलट फिरवणे हे सर्वांत महाग. पूर्ण वेगात असलेल्या मोटरची वायर एकदम उलटी केली, तर बॅक ईएमएफ पुरवठ्याला जोडून येतो, करंट ६ ऐवजी १२ अँपिअर होतो, टॉर्क दुप्पट होतो. खेळण्यातल्या गाडीच्या प्लास्टिक गिअरचे दात तुटतात ते बहुतेकदा इथे. उलट दिशेला पूर्ण वेग येईपर्यंत वाइंडिंगमध्ये चौपट ऊर्जा जळते. मोठ्या चकतीला १,२१६ ज्यूल. त्याऐवजी आधी मोटरची दोन टोके एकमेकांना जोडून तिला थांबू दिली आणि मग उलट पुरवठा दिला, तर खर्च दुपटीवर येतो आणि करंटही ६ च्या वर जात नाही. किंमत वेळेत मोजावी लागते: मोठ्या चकतीला सरळ उलटवण्यात अर्ध्या मिनिटाचे काम, थांबवून उलटवण्यात पाऊण मिनिटाच्या वर.