वीजमीटरची स्मरणशक्ती

शिंदखेडा तालुक्यातल्या गावठाणात वीज आली, तसा तिचा हिशेब ठेवायला ओट्यावरच्या भिंतीवर, लाकडी फळीवर, काळा मीटर बसला. काचेआड ॲल्युमिनियमची पातळ चकती फिरे. घरात एकच दिवा असला तर ती इतकी सावकाश चाले, की कडेची रंगीत खूण पुन्हा समोर यायला बराच वेळ लागे. शेगडी लावली की भिंगरी होई. चकतीला जोडलेली दातेरी चाके आकडे पुढे ढकलत. या मीटरची स्मृती म्हणजे ती चाकेच. लाईट गेली, रोहित्र जळून आठवडा अंधारात गेला, तरी आकडा जिथल्या तिथे राही. लक्षात ठेवायला त्याला विजेची गरजच नव्हती. चाकांना फुकट मिळालेला हा गुण इलेक्ट्रॉनिक मीटरला मात्र कमवावा लागला.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले. ६ जून २००५ पासून वितरणाचे काम महावितरणकडे आले. शिंदखेड्याचा धुळे जिल्हा तिच्या जळगाव परिमंडलात मोडतो. याच सुमारास चकतीचे मीटर उतरवून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक, म्हणजे कार्यालयीन भाषेत ‘स्थिर’, मीटर बसत होते. स्थिर म्हणजे ज्यात फिरणारे काही नाही असे. शेतातल्या कित्येक पंपांना मात्र मीटरच नव्हते. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघे, म्हणून ही कथा बरीचशी गावठाणातली आहे.

स्थिर मीटरमध्ये दोन गोष्टी जपाव्या लागतात: मोजलेली युनिट्स आणि ती कशी मोजायची हे सांगणारा आज्ञासंच, म्हणजे फर्मवेअर. साधी रॅम लाईट जाताच कोरी होते. विजेशिवाय टिकणाऱ्या स्मृतीचा मार्ग १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये दावॉन कांग आणि सायमन झी यांनी दाखवला. चहूबाजूंनी काचेसारख्या थराने वेढलेल्या ‘फ्लोटिंग गेट’मध्ये इलेक्ट्रॉन कोंडले, तर ते वर्षानुवर्षे तिथेच राहतात. त्यावरून इंटेलच्या डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ मध्ये ईप्रॉम घडवली. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची खिडकी असे. जुना प्रोग्राम पुसायचा तर चिप सॉकेटमधून काढून अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटे ठेवायची, नवा प्रोग्राम भरायचा आणि उजेड लागू नये म्हणून खिडकीवर कागद चिकटवायचा. जुन्या यंत्रांत असा पिवळटलेला कागद अजून दिसतो. पुढे विजेनेच पुसता येणारी ईईप्रॉम आली आणि १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश स्मृती जाहीर केली. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो म्हणून, कॅमेऱ्याच्या फ्लॅशवरून, त्यांच्या सहकाऱ्याने हे नाव सुचवले.

हा झटकाच पुढे डोकेदुखी ठरला. फ्लॅशमध्ये एकाचा शून्य करता येतो. शून्याचा पुन्हा एक करायचा तर आख्खा सेक्टर, बहुधा चार किलोबाइटचा, पुसावा लागतो. एक अक्षर चुकले म्हणून सगळी पाटी पुसण्यातला हा प्रकार. नेहमीच्या चिपमध्ये त्याला साधारण ४५ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात लाईट गेली, तर पाटीवर जुनेही नाही आणि नवेही नाही.

शिवाय झीज आहे. फ्लॅशचा एक सेक्टर हजारापासून लाखापर्यंत वेळा पुसता येतो. ईईप्रॉमची पेशी दहा लाख वेळांपर्यंत लिहिणे सोसते. आकडा मोठा वाटतो, पण दर सेकंदाला एकाच जागी युनिट लिहिणारा मीटर एक लाखाची मर्यादा पावणेअठ्ठावीस तासांत संपवील आणि दहा लाखांची साडेअकरा दिवसांत. म्हणून चालू आकडा रॅममध्ये ठेवायचा आणि मोजक्याच वेळी कायमचा लिहायचा, अशी रीत पडली. पुरवठा खचू लागला की मीटरला ते आधी कळते. कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर तो शेवटचा आकडा घाईने उतरवतो. जागाही फिरत्या ठेवतात: आज इथे, उद्या शेजारी, प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक आणि चेकसम, म्हणजे नोंद शाबूत आहे का हे सांगणारी पडताळणीची बेरीज. लाईट आल्यावर ज्या नोंदींचा चेकसम जुळतो त्यांतली सर्वांत अलीकडची खरी. स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने १९९९ मध्ये लिनक्ससाठी केलेली जेएफएफएस ही फाइलपद्धत याच तत्त्वावर चाले. दोंडाईच्याच्या मिरची बाजारातल्या अडत्यालाही ती नवी वाटली नसती. वहीत खाडाखोड न करता दुरुस्ती खालीच टिपायची असते.

भारनियमनाच्या वर्षांत खानदेशात या सगळ्याची रोजच परीक्षा होई. ‘लाईट गयी’ हे अहिराणी वाक्य दिवसातून कितीदा उच्चारले जाई याला गणती नव्हती. शेतीपंपांना दिवसा आठ किंवा रात्री दहा तास पुरवठ्याची पाळी आली, आणि त्यासोबत ऑटोस्विच व मोबाईल स्टार्टर बांधावर पोहोचले. लाईट येताच मोटार सुरू करायची की नाही, कोणत्या नंबरचा फोन मानायचा, हेही कुठल्याशा छोट्या चिपमध्येच जपलेले असते.

युनिट्स जपणे जमले. प्रोग्राम बदलणे त्याहून अवघड. चुकीचा आकडा फार तर बिल बिघडवतो, अर्धवट लिहिलेला प्रोग्राम मीटरला दगड करतो. उपाय असा, की सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, बूटलोडर, सहसा हातच लावला जात नाही. उरलेल्या जागेचे दोन भाग करतात. चालू फर्मवेअर एका भागात काम करत राहते, नवे दुसऱ्यात उतरते. ते पूर्ण आले, चेकसम जुळला, निर्मात्याची डिजिटल सही पटली, की मगच ‘आता इकडून सुरू हो’ ही एवढीशी खूण बदलायची. नवे चालेना तर बूटलोडर जुन्याकडे परततो. नव्या विहिरीला पाणी लागल्याशिवाय जुनी बुजवत नाहीत. दुप्पट जागा लागते म्हणून स्वस्त यंत्रांत ही सोय टाळली जाई. ती काटकसर फसवी होती.

परतवाटेची किंमत जगाने मंगळावर पाहिली. नासाची स्पिरिट गाडी २१ जानेवारी २००४ नंतर पुन्हापुन्हा बंद-चालू होऊ लागली, साठाहून अधिक वेळा. फ्लॅशमध्ये फायली इतक्या साठल्या होत्या, की सुरू होताना त्यांची यादी रॅममध्ये मावेना. फ्लॅशकडे न पाहता सुरू होण्याची आज्ञा आधीच ठेवलेली होती, म्हणून गाडी वाचली.

स्मार्ट मीटरसाठी भारतीय मानक आयएस १६४४४ आले, त्यात फर्मवेअर दुरून बदलण्याची सोय आहे. संवादाच्या पद्धतीत फर्मवेअरचे लहान तुकडे करून पाठवतात, हरवलेले पुन्हा मागवतात, पडताळतात आणि शेवटी कार्यान्वित करतात. तोवर जुन्या प्रोग्रामवर मोजणी चालूच असते. पूर्वी यासाठी मीटर उतरवून प्रयोगशाळेत न्यावा लागे. निवडणुकीत गावोगावी येणाऱ्या मतदान यंत्रासाठी उलटा मार्ग निवडला गेला: निवडणूक आयोगाच्या म्हणण्यानुसार त्यातला प्रोग्राम एकदाच लिहिला जातो आणि पुढे बदलता येत नाही. तिथे सुधारणेपेक्षा न बदलण्याला महत्त्व.

दरातला प्रत्येक फेरफार मात्र फर्मवेअरचा फेरफार नसतो. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर सवलत मिळू लागली. असे तास मीटरमध्ये फर्मवेअरपासून वेगळ्या तक्त्यात ठेवता येतात, आणि तक्ता बदलला तरी प्रोग्राम तोच राहतो. चकतीच्या मीटरला एकूण युनिट्स ठाऊक असत, वाजले किती हे कधीच ठाऊक नव्हते.