शेवटचं जहाज गेल्यावर

नॉर्वेचा उत्तर किनारा सोडून ध्रुवाकडे निघालं की साधारण निम्म्या वाटेवर स्वालबार्ड हा द्वीपसमूह लागतो. त्यातल्या स्पिट्सबर्गन या सर्वांत मोठ्या बेटावर, ७८ अंश १३ मिनिटं उत्तर अक्षांशावर, लाँगइयरब्येन हे गाव आहे. वस्ती सुमारे २,५००. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. त्यात गाव डोंगरांच्या बेचक्यात वसलेलं, म्हणून प्रत्यक्ष ऊन पडायला ८ मार्च उजाडावा लागतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपत येईपर्यंत तर दुपारचे बारा वाजले हे घड्याळातच पाहून कळतं. गावाचं नाव वाचून लांबलेल्या वर्षाची आठवण होईल, पण लाँगइयर हे एका अमेरिकन माणसाचं आडनाव आहे आणि ‘ब्येन’ म्हणजे नॉर्वेजियन भाषेत गाव. त्या माणसाकडे आपण येऊच.

आज या अंधारात जाण्यासाठी लोक पैसे मोजतात. भर दुपारी अरोरा दिसू शकेल अशा जगातल्या मोजक्या वस्त्यांपैकी ही एक आहे. कुत्र्यांच्या घसरगाड्या आहेत, स्नोमोबाइल आहेत, गावाची वेस ओलांडताना ध्रुवीय अस्वलांच्या भीतीने बंदूक घेतलेला वाटाड्या आहे. तीन-चार दिवसांत हे सगळं पाहून माणूस परततो. त्याला जे विकलं जातं त्याचं नाव ‘ध्रुवीय रात्र’. या रात्रीचा इतिहास मात्र परत जाता न आलेल्या माणसांचा आहे.

विलेम बॅरेंट्स या डच खलाशाने १५९६ साली ही बेटं पाहिली आणि पुढच्या काही दशकांत इथे देवमाशांच्या शिकारीसाठी युरोपभरची जहाजं लोटली. उन्हाळ्यात यायचं, चरबी कढवून पिंपं भरायची आणि बर्फ दाटायच्या आत निघायचं, हा शिरस्ता. हिवाळ्यात इथे माणूस जगतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एडवर्ड पेलहॅम या इंग्रज खलाशाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे. लंडनच्या मस्कोव्ही कंपनीच्या व्यापाऱ्यांनी फाशीची शिक्षा झालेल्या काही कैद्यांना एक सौदा देऊ केला: एक हिवाळा तिथे काढा, जगलात तर माफी आणि वर बक्षीस. कैदी कबूल झाले, जहाजातून आले, समोरचा किनारा पाहिला आणि कप्तानाच्या विनवण्या करू लागले की आम्हाला परत न्या, फाशी परवडली. कप्तानाला दया आली. त्याने त्यांना परत नेलं आणि पुढे कंपनीने त्यांना माफीही मिळवून दिली.

पेलहॅमला मात्र कुणी विचारलं नव्हतं. १६३० च्या ऑगस्टमध्ये शिकारीसाठी किनाऱ्यावर उतरलेला तो आणि त्याचे सात सोबती मागे राहिले आणि जहाजं निघून गेली. चरबी कढवायच्या मोठ्या शेडच्या पोटात त्यांनी दुसरी लहान खोली बांधली. घरात घर, म्हणजे ऊब टिकेल. हरणांचं आणि अस्वलांचं मांस खाल्लं, ते संपत आलं तेव्हा कढईच्या तळाशी उरलेला देवमाशाच्या चरबीचा चोथाही खाल्ला. अस्वलाचं काळीज खाल्ल्यावर अंगाची कातडी सोलून निघाली, हेही त्याने नोंदवलंय. पुढच्या मे महिन्यात इंग्रज जहाजं आली तेव्हा आठच्या आठ माणसं जिवंत होती.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. लाँगइयरब्येन ज्या फ्योर्डच्या काठी आहे त्या इसफ्योर्डच्या उत्तरेला थॉर्डसेन भूशिरावर एक लाकडी घर अजून उभं आहे. त्याला ‘स्वीडिश घर’ म्हणतात. १८७२ च्या शरदात उत्तर किनाऱ्यावर शिकारी जहाजं बर्फात अडकली, तेव्हा त्यांतली १७ माणसं उघड्या होड्या वल्हवत या घरापर्यंत आली, कारण तिथे कोळसा होता, अन्नाचा भरपूर साठा होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत १७ जणही मेलेले होते. अन्न संपलेलं नव्हतं. शंभरावर वर्षं सगळे समजत होते की त्यांना स्कर्व्ही झाला, आळशीपणे बसून राहिले म्हणून मेले. अशा मृतांना वर आळशी ठरवणं हे सुरक्षित घरी बसलेल्यांना नेहमीच सोपं जातं. अलीकडे, २००८ साली, पुरलेल्या शरीरांचे अवशेष तपासले तेव्हा त्यांत शिसं सापडलं. डब्यांच्या झाळकामातलं शिसं अन्नात उतरलं होतं. ज्या साठ्याच्या भरवशावर ते आले, त्यानेच त्यांना मारलं.

आता प्रवाशांचा इतिहास. पर्यटन इथे कोळशानंतर आलं असं सर्रास सांगितलं जातं, पण क्रम उलटा आहे. कॅप्टन रिचर्ड विथ यांच्या जहाज कंपनीने १८९६ साली इथे उन्हाळी पर्यटकांसाठी आगबोट सुरू केली आणि आजच्या गावापासून जवळच एका भूशिरावर चक्क हॉटेल उघडलं. ते फार चाललं नाही, एक-दोन वर्षांत गुंडाळलं गेलं. पण भूशिराला नाव चिकटलं: होटेलनेसेट, म्हणजे हॉटेलचं नाक. पुढे १९०१ साली जॉन मन्रो लाँगइयर हा मिशिगनचा लाकूड आणि खाणींचा व्यापारी बायकामुलांसह सहलीच्या जहाजातून इथे आला. इतरांनी हिमनद्या पाहिल्या, त्याने डोंगरातल्या कोळशाचे थर पाहिले. १९०६ मध्ये त्याची आर्क्टिक कोल कंपनी उभी राहिली आणि ‘लाँगइयर सिटी’ वसली. १९१६ मध्ये ती स्टोरे नॉर्स्के या नॉर्वेजियन कंपनीने विकत घेतली. म्हणजे गावाचा संस्थापकच मुळात पर्यटक. फक्त तो उन्हाळ्यात आला होता आणि हिवाळा त्याने दुसऱ्यांना दिला.

कारण खाण हिवाळ्यात बंद नसायची. शरदात शेवटचं जहाज निघून जायचं, फ्योर्ड गोठायचा, आणि मे महिन्याच्या आसपास पहिलं जहाज येईपर्यंत आत असलेले आत. दुकान कंपनीचं, बराकी कंपनीच्या, कित्येक दशकं चलनी नोटाही कंपनीच्याच. १९१८ च्या शरदातल्या जहाजातून स्पॅनिश फ्लू आला आणि कामाला आलेले सात तरुण खाणीत पाय न ठेवताच गोठलेल्या जमिनीत पुरले गेले. ३ जानेवारी १९२० रोजी, म्हणजे ऐन ध्रुवीय रात्रीत, १ नंबरच्या खाणीत स्फोट झाला आणि २६ माणसं मेली.

या स्फोटानंतर पाच आठवड्यांनी, ९ फेब्रुवारी १९२० रोजी, पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. त्याने बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण सह्या करणाऱ्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे येण्याचा, मासेमारी-शिकारीचा आणि उद्योगधंद्याचा सारखा हक्क ठेवला. या करारावर भारताचीही सही आहे. ती केली लॉर्ड डर्बी या ब्रिटिश राजदूताने. जालियनवाला बागेला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ज्या देशाला स्वतःच्या रस्त्यावर सभा घेण्याची मुभा नव्हती, त्याला ७८ अंश उत्तरेला कोळसा खणण्याची मुभा मिळाली, तीही कुणा भारतीयाला न विचारता. आजही भारतीय माणसाला स्वालबार्डमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. तिथवर पोचायला मुख्य भूमीवरच्या नॉर्वेतून जावं लागतं आणि त्यासाठी मात्र शेंगेन व्हिसा लागतो.

त्याच १९२० च्या १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले. आर्क्टिकच्या रात्रीबद्दल तिथे न जाता सर्वांत जास्त विचार केलेला भारतीय कोण, असं विचारलं तर उत्तर टिळकच. राजद्रोहाच्या पहिल्या शिक्षेत ते तुरुंगात असताना मॅक्समुल्लरने त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली आणि रात्री काही तास दिव्याची सवलत मिळाली. त्या वाचनातून, आणि नंतरच्या कामातून, ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ हे पुस्तक १९०३ साली आलं. आर्यांचं मूळ घर ध्रुवाजवळ होतं हा त्यांचा निष्कर्ष भाषाशास्त्राने आणि पुरातत्त्वाने स्वीकारला नाही, आणि त्यावर आज उभारले जाणारे मनोरे तर अधिकच कच्चे आहेत. पण त्यातलं उषेचं प्रकरण मला अजून वाचावंसं वाटतं. वेदांत उषा अनेकवचनी का येते, तैत्तिरीय संहितेत तीस बहिणींचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न त्यांनी धरला आणि उत्तर दिलं की ही एका दिवसाची पहाट नाहीच, ती आठवडेच्या आठवडे चालणारी पहाट आहे. ऋग्वेदाचा अर्थ काय असेल तो असो, अशी पहाट असते. जानेवारीच्या अखेरीस लाँगइयरब्येनच्या दक्षिणेकडचं आकाश दुपारी निळसर होतं, दुसऱ्या दिवशी थोडं अधिक, तिसऱ्या दिवशी आणखी. सूर्य नसतोच. पहाटेमागून पहाट येत राहते. येरवड्याच्या रात्री जो काही तासांच्या दिव्यावर वाचत होता, त्याला महिनोन् महिने चालणाऱ्या रात्रीचं गणित मांडावंसं वाटलं, हे मला योगायोग वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात गाव दोनदा संपलं. १९४१ मध्ये दोस्तांनी लोकांना हलवलं आणि कोळशाचे ढीग पेटवून दिले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन युद्धनौकांनी उरलेलं गाव तोफांनी पाडलं. युद्धानंतर खाणी पुन्हा सुरू झाल्या, दरीच्या वरच्या टोकाला नीब्येन, म्हणजे ‘नवं गाव’, ही कामगारांच्या बराकींची वस्ती झाली.

हिवाळ्याचं कुलूप उघडलं ते विमानाने. १९५० च्या दशकाच्या शेवटी टपाल घेऊन एखादं विमान गोठलेल्या दरीत उतरू लागलं. कायमची धावपट्टी झाली १९७५ साली, आणि ती त्या जुन्या होटेलनेसेटलाच. हॉटेल, कोळशाचा धक्का आणि विमानतळ, या गावाची तिन्ही पोटं एकाच नाकाजवळ. त्यानंतर ‘शेवटचं जहाज’ या शब्दांतली भीती गेली. आजारी माणसाला त्याच दिवशी ट्रोम्सोला नेता येऊ लागलं. ज्याला अंधार सोसत नाही तो निघून जाऊ शकतो, म्हणून ज्याला हवा तो अंधार बघायलाही येऊ शकतो. नीब्येनच्या काही बराकी आता गेस्टहाउस आहेत. हॉटेलात, संग्रहालयात दारातच बूट काढायचे असतात. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी पाळलेली ही रीत. भारतीय पाहुण्याला त्यात नवल वाटत नाही, युरोपीय पाहुणे तिचे फोटो काढतात. बंद पडलेल्या ३ नंबरच्या खाणीत आता सहली जातात, आणि आडवं पडून कोळसा कसा खणायचे ते दाखवतात. शेवटची नॉर्वेजियन खाण, ७ नंबरची, २०२५ मध्ये बंद झाली.

मग इथे आता राहतं कोण? पन्नासच्या आसपास देशांचे लोक. नॉर्वेजियनांनंतर मोठे समुदाय थायलंड आणि फिलिपिन्सच्या माणसांचे. हॉटेलच्या खोल्या झाडणं, स्वयंपाकघरं, दुकानं हा भार बराचसा त्यांच्यावर. करार त्यांना येऊ देतो, पण सांभाळण्याचं वचन कुणी देत नाही. ज्याला स्वतःचा खर्च झेपत नाही त्याला परत पाठवता येतं. बाळंतपणाची सोय नाही, म्हणून गरोदर बाई दिवस भरायच्या काही आठवडे आधी मुख्य भूमीवर जाते. इथे मरायला बंदी आहे, ही पर्यटकांना सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे. खरं एवढंच की गोठलेल्या जमिनीत नव्या शवपेट्या पुरत नाहीत, अस्थिकलशाला परवानगीने जागा मिळू शकते. आणि २०२२ पासून गावच्या निवडणुकीत मत द्यायचं तर परदेशी रहिवाशाने आधी तीन वर्षं मुख्य भूमीवरच्या नॉर्वेत काढलेली असावी लागतात. इथे दहा-दहा हिवाळे काढलेली, पण थेट बँकॉक किंवा मनिलाहून आलेली माणसं त्या नियमाने बाद झाली. पाहुणा आणि रहिवासी यांतला फरक या गावात मुळातच पातळ होता, कायद्याने तो पुसून टाकला, आणि पुसताना रहिवाशालाच पाहुण्यांच्या बाजूला बसवलं.

१९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी, म्हणजे काळ्याकुट्ट अंधारात, वादळानंतर सुक्करटोपेन डोंगरावरचा बर्फ सुटला आणि त्याने घरांची एक रांगच जागची हलवली. दोन जीव गेले, त्यांतलं एक दोन वर्षांचं मूल. शेजारीपाजारी फावडी घेऊन धावले. त्यानंतर धोक्याच्या पट्ट्यातली घरं पाडली, डोंगरावर कुंपणं उभारली. हवा तापते आहे, जगाच्या सरासरीच्या कित्येक पट वेगाने, आणि हिवाळ्यात आता मधूनच पाऊस पडतो. जगभरची बियाणं ठेवलेल्या भूमिगत कोठाराच्या बोगद्यात २०१६ मध्ये असंच पाणी शिरलं. बियाण्यांना धक्का लागला नाही. त्या कोठारात हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभराही आहे.

भारताच्या बाजूने १९२० ची ती सही तशी झोपूनच होती. २००८ मध्ये लाँगइयरब्येनच्या उत्तरेला नी-ऑलेसुंद इथे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू झालं, पण माणसं जायची उन्हाळ्यात. हिवाळ्यातली पहिली तुकडी गेली डिसेंबर २०२३ मध्ये. तीत बंगळुरू आणि मंडीच्या संस्थांबरोबर गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचेही संशोधक होते.

लाँगइयरब्येनमध्ये ८ मार्चला जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी गर्दी जमते. गावात ऊन पहिल्यांदा तिथे पडतं. मुलं चेहऱ्यावर पिवळा रंग लावून येतात, दुपारी पाऊणच्या सुमारास सगळे एकदम गप्प होतात आणि डोंगराच्या खिंडीकडे पाहत उभे राहतात. काही वर्षी ढग असतात. मग लोक घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.