भारनियमन, यूपीएस आणि बॅटरी : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या विद्युतीकरणाचा इतिहास प्रामुख्याने धरणे, औष्णिक केंद्रे आणि वीज मंडळाच्या कारभाराच्या अंगाने लिहिला गेला आहे. वीज नसलेल्या तासांचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्यातील घरे, दुकाने, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये यांनी हे तास इन्व्हर्टर व यूपीएस यांच्या आधाराने काढले. या यंत्रांतील बॅटरी कशी भरली जाते आणि भारनियमनाच्या वेळापत्रकाशी तिचे नाते काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने 1859 मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारा शिसे-आम्ल विद्युतघट तयार केला. 1881 मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून त्याची क्षमता वाढविली. मराठवाड्यातील इन्व्हर्टरखाली ठेवलेली बॅटरी मूलतः याच घटाची वंशज होय.

हैदराबाद संस्थानातून 1948 मध्ये मुक्त झालेला आणि 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलेला मराठवाडा औद्योगिकदृष्ट्या मागासलेला होता. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना 1960 मध्ये झाली. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्र उभे राहिले, त्याच नदीवर खाली सिद्धेश्वर धरण झाले, तर परळी वैजनाथ येथे औष्णिक केंद्र आले. मात्र विजेचे केंद्र जवळ असणे म्हणजे घरात अखंड वीज असणे नव्हे, हे पुढील काळाने दाखवून दिले.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या जिल्ह्याची कार्यालये उभी राहत होती, त्याच काळात संगणकीकरणही वेग घेत होते. सातबाराचे संगणकीकरण झाले आणि 2001 नंतर एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगावी पोहोचली. त्याच सुमारास राज्याची वीजस्थिती बिघडत गेली. दाभोळ प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 2001 मध्ये बंद पडला. 6 जून 2005 रोजी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाची जबाबदारी महावितरणकडे आली, तेव्हा राज्यात मागणी व पुरवठा यांत हजारो मेगावॉटची तफावत होती. संगणक आणि भारनियमन हे दोन्ही नव्या जिल्ह्यात जवळजवळ एकत्रच नांदू लागले.

बॅटरी भरण्याची प्रक्रिया :

बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी दोन व्होल्टचे सहा घट असतात. मुख्य वीज गेल्यावर यूपीएस बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करते. बॅटरीचा दाब 10.5 व्होल्टच्या आसपास उतरला की यंत्र बंद होणे अपेक्षित असते, कारण त्याखाली ओढलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांना कायमची इजा होते.

वीज परत आल्यावर चार्जरचे काम सुरू होते. पहिल्या टप्प्यात ठरावीक प्रवाह सोडला जातो. हा प्रवाह सामान्यतः क्षमतेच्या एक-दशांश, म्हणजे 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीस 15 अँपिअर इतका असतो. दाब 14.4 व्होल्टच्या जवळ पोहोचला की दुसऱ्या टप्प्यात दाब स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी होऊ दिला जातो. बॅटरी भरल्यानंतर तिसऱ्या टप्प्यात 13.5 ते 13.8 व्होल्टचा हलका दाब ठेवून तिची आपोआप होणारी झीज भरून काढली जाते. हा शेवटचा दाब जास्त राहिला तर पाणी उडून जाते, कमी राहिला तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. हिंगोलीसारख्या, उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या जिल्ह्यात चार्जरने तापमानानुसार दाब कमी करणे आवश्यक ठरते. स्वस्त यंत्रांत ही सोय सहसा नसते.

वेळापत्रक आणि बॅटरी यांतील विसंगती :

150 अँपिअर-तासांची बॅटरी 300 वॉटचा भार साडेतीन ते चार तास चालवू शकते. पूर्ण उतरलेली तीच बॅटरी भरण्यास मात्र दहा ते बारा तास लागतात. महानगरातील तास-दोन तासांच्या खंडासाठी हे प्रमाण पुरेसे होते. ग्रामीण मराठवाड्यात भारनियमन बारा तासांपर्यंत गेले आणि तेही दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी, तेव्हा बॅटरीस शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यास अवकाशच उरला नाही. अर्धवट भरणे आणि पुन्हा पूर्ण उतरणे या चक्रात बॅटऱ्या अकाली निकामी होत.

कमी दाबाच्या विजेने यात भर घातली. संगणकासाठी बनविलेले यूपीएस 180 व्होल्टच्या आसपासच्या मर्यादेखाली दाब गेल्यास वीज नाहीच असे समजून बॅटरीवर जाते. सायंकाळी कृषिपंप व घरगुती वापर एकत्र आल्याने दाब घसरला की तारेत वीज असूनही बॅटरी उतरत राही. शिवाय एक युनिट वीज बॅटरीतून परत मिळविण्यासाठी सुमारे दीड युनिट खर्ची पडते. पुरवठा सुरू होताच परिसरातील सर्व चार्जर एकाच वेळी भार ओढू लागत. टंचाईवरील हा खासगी उपाय अशा रीतीने टंचाईत थोडी भरच घालीत होता.

सामाजिक आशय :

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशांनुसार भारनियमनाचे तास वितरण हानी आणि वसुली यांच्या प्रमाणावर ठरू लागले. तत्त्व आर्थिकदृष्ट्या समर्थनीय असले तरी, हानी अधिक असलेल्या भागातील नियमित बिल भरणारा ग्राहकही त्याच अंधारात राहिला. पुणे शहरात 2006 मध्ये उद्योगांच्या स्वतःच्या निर्मितीसंचांच्या साहाय्याने भारनियमन टाळण्याचा प्रयोग झाला. तेथे उपाय सामूहिक होता आणि त्याचा भार ग्राहकांत वाटला गेला. उद्योग नसलेल्या हिंगोलीत असा पर्याय नव्हता. ज्याची ऐपत होती त्याने बॅटरी घेतली. इतरांनी कंदील आणि मेणबत्ती यांवर भागविले. परीक्षेच्या हंगामात हा भेद विद्यार्थ्यांच्या अभ्यासिकेपर्यंत पोहोचला.

निकामी बॅटऱ्यांचा प्रश्नही याच काळातला आहे. जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी 2001 च्या केंद्रीय नियमांनी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. 2022 च्या नियमांनी ती उत्पादकांसाठी अधिक व्यापक केली. तरीही शिसे हे विषारी द्रव्य असून असंघटित भट्ट्यांत ते वितळविले गेल्यास कामगारांच्या आरोग्यास आणि जमिनीस धोका पोहोचतो.

निष्कर्ष :

बॅटरी हा वीजपुरवठ्याचा पर्याय नसून त्यातील अल्प खंड भरून काढणारे साधन आहे. तिची भरण्याची गती रसायनशास्त्राने ठरते, प्रशासकीय वेळापत्रकाने नव्हे. हिंगोली जिल्ह्यात दीर्घ खंडांचा भार या अल्पकालीन साधनावर टाकला गेला आणि त्याची किंमत कुटुंबांनी व लहान व्यावसायिकांनी चुकविली. सार्वजनिक व्यवस्थेतील उणीव अशी घराघरांत विभागली गेल्यामुळे ती कोणत्याही शासकीय हिशेबात एकत्र नोंदविली गेली नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने 2023 मध्ये अंतिम मंजुरी दिली. अशा अतिसंवेदनशील प्रयोगशाळेस अखंड वीज अनिवार्य मानली जाते. तोच निकष वेधशाळेच्या परिसरातील गावांनाही लावला जावा, ही अपेक्षा या इतिहासातून सुसंगतपणे निष्पन्न होते.