क्लच आणि पॅकिंग : मोटारसायकलीच्या घरगुती दुरुस्तीचा इतिहास व तिची परिभाषा

मोटारसायकलीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः कारखाने, शर्यती आणि विक्रम यांकडे जाते. यंत्र कारखान्याबाहेर पडल्यावर ज्यांच्या हाती आले त्यांनी त्याचे पुढे काय केले, याची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः पुष्कळशा मोटारसायकलींचे आयुष्य मालकाच्या अंगणात किंवा गल्लीतल्या मिस्तरीच्या दुकानात वाढले आहे. या घरगुती दुरुस्तीत दोन कामे नेहमी जोडीने येतात. क्लचपर्यंत पोहोचावयाचे तर इंजिनाच्या बाजूचे झाकण काढावे लागते, आणि झाकण काढले की त्याखालचा कागदी सांधा बहुधा फाटतो. म्हणून जो क्लच सुधारावयास बसतो त्याला गास्केट कापावयासही शिकावे लागते. या दोन कामांचा इतिहास छापील पुस्तिकांपेक्षा दुरुस्ती करणाऱ्यांच्या बोलीत अधिक टिकून राहिला आहे. आणि जी गोष्ट या बोलीत शिरू शकली नाही तिची किंमत माणसांना द्यावी लागली आहे. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

१

आरंभीच्या मोटारसायकलीला क्लच नव्हता. म्यूनिक येथील हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांनी १८९४ मध्ये जे वाहन विक्रीस आणले, त्यात दट्ट्यांचे दांडे सरळ मागच्या चाकाला जोडलेले होते. चाक फिरले म्हणजे इंजिन फिरे, आणि चाक थांबले म्हणजे इंजिनही थांबे. पुढील काळात इंजिनाची गती चामडी पट्ट्याने चाकाकडे नेण्याची रीत रूढ झाली; तीतही ही अडचण कायम राहिली. स्वाराने गाडी ढकलीत काही पावले धावावे, इंजिन सुरू होताच उडी मारून बसावे, आणि चौकात थांबावे लागले तर पुन्हा धावावे, असा तो प्रकार होता.

या पद्धतीची मर्यादा डोंगरी रस्त्यावर उघड झाली. आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यत १९११ मध्ये प्रथमच डोंगराच्या लांब मार्गावरून घेण्यात आली. त्या वर्षी वरिष्ठ गटातील पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी मिळविले. त्या गाड्यांना दोन गतींची गिअरपेटी होती आणि पट्ट्याऐवजी साखळी होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने मोठ्या संख्येने वापरलेली ‘ट्रायम्फ’ची १९१५ ची ‘एच’ गाडीही तीन गतींची गिअरपेटी आणि क्लच यांसह आली. मागच्या चाकाकडे जाणारा पट्टा मात्र तिने सोडला नव्हता. युद्धानंतर क्लचावाचून गाडी ही कल्पनाच मागे पडली.

जो क्लच शेवटी रूढ झाला तो अनेक चकत्यांचा होय. एक चकती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डब्यात अडकलेली, तिच्या शेजारची चकती गिअरपेटीच्या दांड्याला जोडलेली, अशा त्या एकाआड एक रचलेल्या असतात, आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. मुठीतला दांडा ओढला की हा दाब सुटतो व चकत्या मोकळ्या फिरू लागतात.

या भागाला निरनिराळ्या भाषांनी दिलेली नावे उद्बोधक आहेत. जर्मनने त्याला ‘कुप्लुंग’ म्हणजे जोडणी म्हटले. चेक भाषेतील ‘स्पॉयका’ याचाही अर्थ तोच. इटालियनने ‘फ्रित्सिओने’ म्हणजे घर्षण हे नाव योजिले. इंग्रजीने पकडण्याच्या क्रियेवरून नाव घेतले, आणि मराठीत तेच नाव आले. परंतु मराठीने त्याच्याभोवती आपली क्रियापदे उभी केली. ‘क्लच दाबला’ म्हणजे पकड सुटली, आणि ‘क्लच सोडला’ म्हणजे पकड बसली. शब्दार्थाच्या दृष्टीने हे उलटे वाटेल. पण बोलणाऱ्याची दृष्टी चकत्यांवर नसून स्वतःच्या हातावर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे विसंगती उरत नाही. छापील पुस्तिका यंत्राच्या बाजूने बोलते. मिस्तरी हाताच्या बाजूने बोलतो.

२

चकत्यांवर कोणता पदार्थ बसवावा, हा क्लचाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न होता. तेलात बुडूनही जो धरून ठेवील आणि हळूहळू धरील असा पदार्थ हवा होता. अनेक कारखान्यांनी यासाठी बूच निवडले. धातूच्या चकतीला भोके पाडून त्यांत बुचाचे तुकडे दाबून बसवीत, किंवा बुचाचे अस्तर चिकटवीत. चेकोस्लोवाकियातील जुन्या ‘जावा’ गाड्यांत आणि इटलीच्या ‘व्हेस्पा’ स्कूटरमध्ये बुचाच्याच चकत्या असत. दुसरी वाट इंग्लंडमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ पासून चालविलेल्या ब्रेकच्या उद्योगातून निघाली. त्यांच्या आडनावाची अक्षरे फिरवून व एक अक्षर जोडून ‘फेरोडो’ हे नाव तयार झाले. या उद्योगात पुढे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचे अस्तर आले आणि ते जगभर पसरले.

भारतात ही यंत्रे ज्या क्रमाने आली त्याचा येथे संबंध पोहोचतो. ‘रॉयल एनफील्ड’ची ‘बुलेट’ मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागली. पुण्याच्या बजाज उद्योगाने १९६० मध्ये ‘व्हेस्पा’चा परवाना मिळविला, आणि म्हैसूर येथे १९६१ पासून ‘जावा’ गाड्या बाहेर पडू लागल्या. या काळात परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध होते. सुटा भाग मिळणे हे गाडी मिळण्याइतकेच अवघड असे. त्यामुळे झिजलेल्या चकतीतील बूच काढून, गरम पाण्यात मऊ केलेले नवे बूच दाबून बसवावे, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर चकती घासून समपातळी करावी, आणि बसविण्यापूर्वी ती रात्रभर तेलात ठेवावी, ही कृती अनेक हातांनी आत्मसात केली. ती केवळ काटकसर नव्हती. मूळ कारखान्यातील कृतीचेच ते लहान प्रमाणावरील रूप होते.

क्लच ‘वाढविणे’ हेही याच परंपरेतील काम आहे. त्यामागील गणित सोपे आहे. क्लच किती पीळ पेलील हे चार गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते : घर्षणाचा गुणांक, स्प्रिंगांचा दाब, चकतीची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठांची संख्या. इंजिनाची शक्ती वाढविली की जुना क्लच सरकू लागतो. त्रिज्या तर डब्याच्या मापाने बांधलेली. कडक स्प्रिंगा घातल्यास पकड वाढते. पण पंचवीस टक्के अधिक पकडीसाठी हातालाही पंचवीस टक्के अधिक जोर लावावा लागतो, आणि क्लचची वायर लवकर तुटते. दोन्ही बाजूंनी अस्तर असलेल्या चार चकत्यांना आठ पृष्ठे मिळतात. पाचवी चकती बसविता आली तर दहा होतात. पकड तेवढीच, म्हणजे पंचवीस टक्क्यांनी, वाढते, आणि हाताला मात्र अधिक श्रम पडत नाहीत. अडचण जागेची असते. म्हणून पातळ चकत्या शोधाव्या लागतात, किंवा चकतीचे कान डब्याच्या खाचांत जेथे रुतून चिकटतात तेथे कानशीने खाचा सरळ कराव्या लागतात. हे सूत्र न शिकलेला मिस्तरीही ‘स्प्रिंग कडक नको, प्लेट वाढव’ असे सांगतो, तेव्हा तो त्याच सूत्राचा निष्कर्ष बोलत असतो.

३

गास्केटचा इतिहास याहून जुना आहे. इंग्रजीतील हा शब्द मुळात जहाजावरचा. गुंडाळलेले शीड बांधून ठेवण्याच्या दोरीला हे नाव होते, आणि ते बहुधा फ्रेंचमधून आले. पुढे बाष्पयंत्राच्या दट्ट्याभोवती व सांध्यांत वाफ कोंडण्यासाठी तागाची दोरी तेलचरबीत भिजवून ठासू लागले. ठासण्याच्या या क्रियेला ‘पॅकिंग’ असे म्हणत. मोटारीच्या युगात सांध्यातील दोरीची जागा कागद, बूच आणि धातूचे पत्रे यांनी घेतली, आणि इंग्रजीत या सपाट तुकड्याला गास्केट हे नाव पक्के झाले. मराठी मिस्तरी मात्र आजही ‘पॅकिंग कापतो’ आणि ‘पॅकिंग फाटले’ असे म्हणतो. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, आणि त्याच दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. मोटारसायकल त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. रेल्वे आणि गिरण्यांतील फिटरांच्या तोंडून हा शब्द मोटारदुरुस्तीच्या दुकानात उतरला असे मानण्यास जागा आहे. तसे असेल तर कागदाच्या तुकड्याला लावलेल्या या नावात बाष्पयंत्राचा काळ टिकून आहे.

पॅकिंगबरोबर येणाऱ्या दुसऱ्या एका शब्दाचा प्रवास अधिक लांबचा आहे. सांध्याला लावण्याच्या चिकट लेपाला दुकानात ‘शेलॅक’ म्हणतात. संस्कृत ‘लाक्षा’, त्यापासून ‘लाख’, तिच्यापासून युरोपीय भाषांतील ‘लॅक’, आणि पापुद्र्यांच्या रूपातील लाखेला इंग्रजीत ‘शेलॅक’, असा त्याचा क्रम आहे. दागिन्याच्या पोकळीत सोनार भरतो ती लाख आणि इंजिनाच्या झाकणाला मिस्तरी लावतो ते शेलॅक, हे मूळचे एकच शब्द होत. एक घरी राहिला, दुसरा विलायतेहून परत आला.

पॅकिंग कापण्याची घरगुती रीत पाहण्यासारखी आहे. झाकणाची कड स्वच्छ करून तीवर जाड, तेलाने न विरघळणारा कागद ठेवतात. प्रथम बोल्टच्या दोन भोकांवर हातोडीच्या गोल तोंडाने हलके ठोकतात. धातूची कड कागद कापते, आणि त्या भोकांत बोल्ट घालून कागद जागेवर बांधतात. मग सर्व कडेने तसेच ठोकीत जातात. येथे झाकण हेच माप, तेच साचा आणि तेच पाते होय. जोर अधिक झाला तर अ‍ॅल्युमिनियमची कड दबते आणि पुढचे कोणतेही पॅकिंग तेथे नीट बसत नाही. तांब्याचे हेड-पॅकिंग तर पुन्हा वापरता येते. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविले की तांबे मऊ होते, आणि दाबाखाली पुन्हा सांध्याचा आकार घेते.

जाडीचा प्रश्न मात्र ठोकून सुटत नाही. ‘बुलेट’च्या ३५० घनसेंमी वर्गातील जुन्या इंजिनाचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा, आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. दाबाचे प्रमाण ६.५ : १ धरल्यास वरची मोकळी जागा सुमारे ६३ घनसेंमी होते. सिलिंडरखाली मापापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड कागद घातला, तर तीत जवळजवळ २ घनसेंमीची भर पडते आणि प्रमाण ६.३ पर्यंत उतरते. गळती थांबते, पण इंजिन थोडे मंद होते. दोन धावांच्या इंजिनात तर याच जाडीने वायू आत-बाहेर जाण्याची वेळही बदलते. म्हणून जाणता मिस्तरी जुन्या पॅकिंगचा तुकडा फेकीत नाही. नव्या कागदाशी तो बोटांत धरून पाहतो.

४

बोलीने इतके जपले. एक गोष्ट मात्र तिला जपता आली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अ‍ॅस्बेस्टॉसचे दाबलेले तक्ते सांध्यांसाठी वापरात आले, आणि क्लचच्या अस्तरातही त्याचे तंतू होतेच. या धुळीने फुप्फुसे निकामी होतात हे ब्रिटनमध्ये १९३१ पर्यंत इतके स्पष्ट झाले होते की त्या वर्षी कारखान्यांसाठी नियम करण्यात आले. कर्करोगाशी तिचा संबंध पुढे सिद्ध झाला. ब्रिटनने १९९९ मध्ये सर्व प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. युरोपीय संघात ती २००५ पासून पूर्णपणे लागू झाली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस-कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला.

हे सर्व नियम प्रथम कारखान्यातील कामगारासाठी होते. अंगणात बसून जुने पॅकिंग कोरडेच खरवडणारा, चकतीचे अस्तर पॉलिश पेपरने घासणारा आणि उडालेली धूळ फुंकरीने दूर करणारा माणूस त्यांच्या कक्षेत नव्हता. बूच घासण्याची रीत त्याने अ‍ॅस्बेस्टॉसला तशीच लावली, कारण बोलीत दोन्हींना शब्द एकच होता : ‘प्लेट’. पदार्थ बदलला, नाव बदलले नाही, आणि म्हणून सवयही बदलली नाही. पारिभाषिक शब्दांच्या अभावाने ज्ञानप्रसार खुंटतो असे नेहमी म्हटले जाते. येथे ज्ञानाचा प्रसार उत्तम झाला. केवळ भेद दाखविणारा एक शब्द न मिळाल्याने त्या ज्ञानाबरोबर धोकाही निमूटपणे हातोहात गेला.

नवी अस्तरे आणि नवे सांधे पुष्कळ अंशी या तंतूपासून मुक्त आहेत. तथापि जुनी गाडी आवडीने पुन्हा उभी करणाऱ्यांची संख्या थोडी नाही, आणि अशा गाडीच्या झाकणाखाली कोणता पदार्थ दडलेला आहे हे डोळ्यांना सांगता येत नाही. जुने पॅकिंग तेलाने किंवा पाण्याने भिजवून मगच काढावे, अस्तर कोरडे घासू नये, धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी, या चार गोष्टी ‘स्प्रिंग कडक नको, प्लेट वाढव’ या वाक्याइतक्याच सहजपणे मिस्तरीच्या तोंडी बसल्या पाहिजेत. ज्या बोलीने बाष्पयंत्राचा एक शब्द मोटारसायकलीपर्यंत पोहोचविला, तिला एवढे ओझे जड नाही.